सोसायटी ग्रुप: पाण्याला वास येतोय का?

ए-३०४: काल रात्रीपासून नळाला मातकट वास येतोय, अजून कुणाकडे?

सी-१०१: वास नाही पण बादलीच्या तळाशी गाळ बसतोय. टँकर कधी आलेला?

बी-५०२: आत्ताच टीडीएस चेक केला, १४० आला. पाणी झकास आहे, उगाच घाबरवू नका लोकांना

ए-६०१: अहो दादा, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, जंतू त्यात दिसत नसतात. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच पुण्यात सिंहगड रोडला, किरकटवाडी, नांदेडगाव, धायरीकडे जीबीएसचे (गियां-बारे, हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट निघाले ते विसरलात का? त्यातल्या काही जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, तो पोटात जातो दूषित पाण्यातून नाहीतर कच्च्या चिकनमधून. तेव्हा तिकडे धरणाचं पाणी विहिरीत आणि तिथून नुसतं क्लोरीन मारून पुढे जायचं, मध्ये फिल्टर प्लांटच नव्हता

बी-५०२: आमच्याकडे आरओ आहे

ए-३०४: दात पण आरओच्या पाण्याने घासता का 😄 आणि कोथिंबीर?

सी-१०१: तुरटी फिरवली तर?

ए-६०१: तुरटीने गाळ खाली बसतो ताई, जंतू मरत नाहीत, सध्या उकळूनच प्या. माझा चुलतभाऊ गावी ग्रामपंचायतीत पाणी सोडायचा, रोज ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करून वहीत लिहायचा, त्याच्याकडूनच शिकलो. आज सकाळी केली. खालच्या संपचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं, पाणी नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकले तर फिकट पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. माझ्या किचनच्या नळाचं मात्र पांढरंच राहिलं. नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला पाहिजे. घाण असली की क्लोरीन तिच्यातच खर्च होतं, म्हणून गच्चीवर जाऊन बघितलं तर टाकीचं झाकणच नाही, आत कबुतराची पिसं तरंगतायत, बाकी काय काय ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे

ए-३०४: ईईई

सेक्रेटरी: रविवारी दोन्ही टाक्या धुवून घेतो. ९ ते २ पाणी बंद, आदल्या रात्री भरून ठेवा. संपला लागून ड्रेनेजचा चेंबर आहे तोपण उघडून बघायला सांगतो. टाकीचं झाकण कुणी काढलंय??

वॉचमन काका: साहेब झाकन गच्चीवरच हाय. त्याच्यावर कुनीतरी पापड वाळत घातल्यात

सेक्रेटरी: कुणाचे आहेत?

सी-१०१: साबुदाण्याचे आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत वाळतील 🙏