प्रतिसाद: दोन लाइनी घेतल्या तरी...

डेंटल क्लिनिकला दोन ब्रॉडबँड घेतले की क्लाउड सॉफ्टवेअर (इंटरनेटवरून चालणारं) अडत नाही, हे इथलं एक मत मला अर्धंच पटलं. आमच्या सोलापुरात होटगी रोडला दोन्ही वायरी एकाच खांबावरून येतात, रस्ता खोदला की दोन्ही एकदमच जातात, मग उपयोग काय! दुसरं कनेक्शन सिमवालं ठेवा आणि ड्युअल वॅन राउटर (दोन इंटरनेट लाइनी जोडता येतात तो) लावा, एक लाइन गेली की तो आपोआप दुसरीवर जातो.

आणि प्लॅन घेताना सगळे डाउनलोडच विचारतात हो, ऑर्थोमध्ये (वाकडे दात सरळ करण्याच्या कामात) खरा भार अपलोडचा, ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे किरकोळ, पण सीबीसीटीची, म्हणजे थ्रीडी स्कॅनची, ३०० एमबीची फाइल १० एमबीपीएस अपलोडवर ४ मिनिटं तरी खाते, तोवर पुढचा पेशंट खुर्चीत. असल्या फाइली क्लिनिकमधल्याच नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज डब्यावर) ठेवून रात्री क्लाउडला चढवायच्या, अपॉइंटमेंट-बिलिंग तेवढं थेट क्लाउडवर.