थंडीत कारल्याचं बी का रुजत नाही

डिसेंबरात गच्चीवर लावलेलं कारल्याचं बी कुजलं, असं तुम्ही लिहिलंय. बियाण्याला दोष देऊ नका. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, शहरातल्या पाषाण भागात बरेचदा त्याहूनही खाली. कारली, दोडका, दुधी यांना रुजायला माती २५ अंशांच्या आसपास तरी उबदार हवी.

मी जानेवारीअखेर बियांची टोकं नेलकटरने किंचित कापते (टरफल फार जाड असतं), रात्रभर कोमट पाण्यात भिजवते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवते. मोड आला की बी कागदी कपात लावते. तो कपच फाडून रोप कुंडीत लावायचं, कारण वेलांची मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत. कुंडी पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगत ठेवा, रात्रीही ऊब मिळते. पाणी सकाळीच घाला.