आमची आई, अलिबागच्या नर्सबाई: तुमच्याकडची आठवण लिहा

आई जाऊन वर्ष होत आलं. इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या वस्तीत जन्मलेली, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स, निवृत्तीनंतर दादाकडे इस्रायलमध्ये अश्दोदला गेलेली. घरातली आई आम्हाला ठाऊक आहे, बाहेरची तुम्ही पाहिलीत. बाळंतपणं, देवी टोचणं, भांडणं, काहीही लिहा. गोडगोडच हवं असं नाही. आई स्वतः कुणाबद्दल गोडगोड बोलायची नाही.
– धाकटी लेक, ठाणे

खाडीपलीकडून
माझा जन्म बाईंच्या हातचा. दरफळणीच्या सणाची (योम किप्पूरची) रात्र होती. त्या दिवशी इस्राएल लोकांचा कडक उपास असतो, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घ्यायची. बाबांनी कडी वाजवली खरी, पण दार उघडेल अशी आशा नव्हती. बाई पांढऱ्या साडीतच उठल्या आणि चपला हातात घेऊन ओहोटीच्या चिखलातून बाबांच्या मागे निघाल्या. वाटेत म्हणाल्या, "जीव वाचवायचा असेल तर सण थांबतो."

आजीने नाळेला लावायला शेणाची राख तयार ठेवली होती. बाईंनी ती सरळ उकिरड्यावर फेकली. "पोराला धनुर्वात झाला तर मला बोलावू नका, भगताला बोलवा." ब्लेड आणि दोरा त्यांनी स्वतः उकळून घेतला. पहाटे आजीने चहा पुढे केला, तो घेतला नाही. आमच्या घरचं चालत नाही असं समजून आजी कितीतरी दिवस घुश्शात होती! उपासाचं तिला फार उशिरा कळलं.

बरोबरची नर्स
देवीच्या मोहिमेत आम्ही दोघी जोडीने फिरलो. नंतर दोन टोकांची सुई आली, तिने पटापट पंधरा टोचे मारायचे. बायका पोरांना कणगीत लपवायच्या. ही आधी आपल्या दंडावरचा वण दाखवायची, मग कणगीचं झाकण उघडायची. 1975 मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, त्यानंतरही अंगणात पोर दिसलं की हिची नजर दंडावर जायची.

भरतीचा हिशोब कोळ्यांकडून शिकली होती. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे बाराला वाट मोकळी. म्हणायची, "आमची हिब्रू तारीखही चंद्राचीच. पेसाहचा सण पौर्णिमेलाच येतो. मला कालनिर्णय कशाला?"

आळीतली शेजारीण
नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा यायचा, नारळाच्या दुधातला. ढवळून ढवळून हात भरून येतात. ती मात्र तो रात्रपाळी करून आल्यावर ढवळायची.

मधला मुलगा, पुणे
कौतुक वाचून बरं वाटतं, पण आम्ही तिघं बऱ्याचदा आजीच्याच हातचं जेवून झोपलेलो आहोत. शाळेच्या गॅदरिंगला बाबा यायचे. ताप आला की मात्र रात्रभर उशाशी, आणि सकाळी पुन्हा ड्यूटी. अलिबागसमोर समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ती भरतीत अडकली ती रात्र मी विसरलेलो नाही. टोचायला गेली होती. बाबा कंदील घेऊन किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्या मागे रडत. समुद्राचा राग तेव्हापासून आहे, अजून पोहायला शिकलो नाही.

थोरला, अश्दोद
इथे आल्यावर महिन्याभरात इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर आईच्या वहीत. हिब्रूच्या वर्गात शिक्षिकेशी भांडली, कारण ती फार हळू शिकवते. मसादाला, म्हणजे मृत समुद्राजवळच्या जुन्या डोंगरी किल्ल्यावर जायला, रोपवे आहे. आई म्हणाली, ते आजारी माणसांसाठी. उजाडायच्या आत सर्पवाटेने, म्हणजे चढायच्या नागमोडी पायवाटेने निघालो, साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. वर पोचल्यावर मृत समुद्राकडे बघत पहिलं वाक्य: "आपल्या अलिबागजवळच्या सागरगडाला निदान झाडं आहेत." खाली उतरताना एका जर्मन मुलीचा पाय मुरगळला. आईने पदराची पट्टी फाडून बांधली. साडी नवी होती, हे मला घरी येईपर्यंत ऐकावं लागलं.

बरोबरची नर्स
किल्ल्याचं वाचलं. आता सांगायला हरकत नाही. ती अडकली नव्हती. टोचून झालं, पाणी चढताना दिसत होतं, मी म्हटलं चल. म्हणाली, "तू हो पुढे, मला एकदा रात्रीचा किल्ला बघायचाय." गोड्या पाण्याची विहीर होतीच, भाकरी पुजाऱ्यांच्या घरून मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला आली आणि घरी अडकले म्हणून सांगितलं.

मधला मुलगा, पुणे
म्हणजे इतकी वर्षं मी उगाच समुद्रावर राग धरून बसलो! मावशी, आणि तुम्ही तिला एकटीला सोडून आलात?

बरोबरची नर्स
तिला कोण अडवणार बाबा? शिवाय लसीचा थर्मास माझ्याकडे होता, तो संध्याकाळच्या आत जमा करायचा होता.