बिनसाखरेचा ॲपलसॉस तीनदा फसला, मदत हवी आहे

दुसरा चहा

मंडळी, स्वयंपाकात मी अगदीच ढ नाही. पोळ्या सोडल्या तर बाकी सगळं निभावतो. पण सफरचंदाच्या गरापुढे हात टेकलेत.

आईचे उरलेसुरले दात गेल्या महिन्यात काढले. हिरड्या नीट भरल्याशिवाय कवळीचं माप घेणार नाहीत, म्हणजे अजून काही आठवडे तरी सगळं खाणं मऊच. गुरगुट्या भात, पेज, मुगाचं वरण, कुस्करलेली पोळी. तिला या सगळ्याचा वीट आलाय. त्यात डायबेटिस, त्यामुळे शिरा आणि खीर बाद. डॉक्टरांनी फळाचा गर थोडा थोडा चालेल म्हणून सांगितलंय. अशात हिमाचलातल्या किन्नौरला गेलेल्या मित्राने तिथल्या बागेतून १० किलोची पेटी आणून दिली. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्या आठवडाभर सफरचंदाच्या वासाने भरल्यात. अमेरिकेतली पुतणी फोनवर म्हणाली, "काका, ॲपलसॉस कर, त्यात काय आहे!"

काय आहे ते ऐका. पहिल्यांदा सालं काढून फोडी केल्या, तेवढ्यात गॅस सिलिंडरवाला आला. अर्ध्या तासाने बघतो तर फोडी तपकिरी. फोडी बुडेपर्यंत पाणी घालून शिजवल्या, मिक्सरमधून काढल्या. सफरचंदाची आमटी झाली. आईने दोन चमचे खाऊन वाटी सरकवली.

दुसऱ्यांदा पाणी कमी घातलं आणि आजीच्या लोखंडी कढईत परतत बसलो. गर घट्ट झाला, पण शाईसारखा काळा आणि तोंडात लोखंडाची चव.

तिसऱ्यांदा खरंच छान जमला हो. काचेच्या बरणीत भरून, मुरांब्याशेजारी फडताळात ठेवला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर फस्सकन आवाज, वर बुडबुडे आणि ताडीसारखा वास. आई म्हणाली, "मुरांबा वर्षभर टिकतो, याला काय धाड भरली?"

तर, साखर न घालता हे टिकवायचं कसं? पाणी नक्की किती? आणि पेटीत खाली एक थर पिवळ्या सफरचंदांचा आहे, ती कच्ची समजून मी बाजूला ठेवलीत. ती पिकायला किती दिवस लागतील?

ओटा आणि मी

पिवळी कच्ची नाहीत!! ती गोल्डन जातीची असणार, पिकल्यावरही पिवळीच. हिमाचलात लाल जातींच्या बागेत परागीकरणासाठी गोल्डनची झाडं लावतातच, त्यांचीच फळं. मंडईत आपण सगळे लाल रंगावर भाळतो आणि गोल्डन पाटीत पडून राहतं. गर करायला मात्र तेच उत्तम, शिजलं की आपोआप विरघळतं. लाल डेलिशस शिजल्यावर नुसतं गोड गोड आणि पिठूळ लागतं. दोन्ही अर्धी अर्धी घ्या आणि किलोमागे अर्धं लिंबू पिळा. साखर नसली की आंबटपणा लागतोच, नाहीतर चव सपक होते.

गुळाचा खडा

साखर नको तर थोडा गूळ घाला की. किंवा मध. नैसर्गिक आहे.

ओटा आणि मी

@गुळाचा खडा, नावाला जागलात. पण गूळ काय नि मध काय, रक्तात गेल्यावर साखरच. आणि १०० ग्रॅम सफरचंदात मुळातच साधारण १० ग्रॅम साखर असते, त्यामुळे "बिनसाखरेचा" म्हणजे वरून न घातलेला एवढंच. शिवाय गाळलेला गर चावून खाल्लेल्या फळापेक्षा झटकन अंगात उतरतो. चहा, आईंना लहान वाटी द्या, तीही जेवणाबरोबर. बाऊलभर नको.

परतीचा प्रवासी

मी मिशिगनमध्ये नऊ वर्षं काढली. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक बागेत जाऊन पोत्याने सफरचंदं आणतात आणि शनिवार-रविवार ॲपलसॉस करत बसतात. त्यांच्याकडे यासाठी एक खास यंत्र असतं. भांड्यावर ठेवायचं, वर दांडा, आत तिरकं पातं, खाली जाळी. पहिल्यांदा शेजारणीकडे बघितलं तेव्हा मी खो खो हसले. अहो, ते आपलं पुरणयंत्र! तेव्हापासून मी पुण्याहून नेलेलं पुरणयंत्रच वापरलं, आणि परतही आणलं.

याचा फायदा असा की सालं काढायचीच नाहीत. चार फोडी करा, बिया आणि मधला कडक भाग काढा, सालासकट शिजवा, गरम असतानाच यंत्रातून फिरवा. गर खाली, सालं वर. सालात पेक्टिन (जॅम घट्ट करतं ते) भरपूर असतं, ते गरात उतरतं आणि गर आपोआप दाट होतो, पाणी सुटत नाही. लाल सालाचा हलका गुलाबी रंगही येतो. तुमची आमटी झाली कारण सालं टाकली आणि पाणी ओतलं. सफरचंदात मुळातच ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. किलोला अर्धी वाटी पाणी पुरे, तेही फक्त तळ लागू नये म्हणून. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, झाकण, मंद गॅस, १५-२० मिनिटं. मिक्सर नको, त्यात हवा शिरते आणि गर फेसाळ होतो.

फोडी काळ्या पडतात ते हवेमुळे. आधी पातेल्यात पाणी आणि लिंबाचा रस घाला, चिरलेली फोड थेट त्यात टाका. एकदा चांगलं तापलं की काळं पडणं थांबतं. मधे सिलिंडरवाला आला तरी हरकत नाही.

लोखंडाचं कारण वेगळं. सफरचंदातलं आम्ल आणि तुरटपणा लोखंडाशी जुंपतो. कढईचा दोष नाही, तिच्यात भाजी करा.

नळस्टॉप

कुकरला लावा, दोन शिट्ट्या. इतका घोळ कशाला?

परतीचा प्रवासी

कुकरला लावायचं तर डब्यात, वर झाकण ठेवून, खाली पाणी घालून. थेट कुकरमध्ये कधीही नको. सफरचंद फेसाळून वर येतं आणि सालाचा तुकडा शिट्टीच्या भोकात अडकू शकतो. आणि वाफ आपली आपण जाऊ द्या, शिट्टी उचलू नका.

बरणीवाली मावशी

टिकण्याबद्दल मी सांगते. दादा, मुरांबा टिकतो तो साखरेमुळेच. पाकातली साखर पाणी धरून ठेवते, मग बुरशी आणि यीस्टला प्यायला पाणी मिळत नाही. तुमच्या गरात पाणी मोकळं आणि फळातली साखर आयती. यीस्टने चार दिवसांत वाईन करायला घेतली. फडताळात ठेवायचंच नाही.

फ्रिजमध्ये आठवडाभर, कोरड्या चमच्याने. बाकीचा गार झाला की बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठले की खडे पिशवीत काढा. फ्रीझरमध्ये सहा महिने काही होत नाही. आईंच्या एका वाटीला तीन खडे पुरतात, रात्री खालच्या कप्प्यात ठेवले की सकाळी तयार. थोडं पाणी वेगळं दिसेल, ढवळलं की एकजीव. डब्यात गोठवत असाल तर वर बोटभर जागा ठेवा, गर फुगतो.

बाहेरच ठेवायचा हट्ट असेल तर बाटलीबंद करता येतो. सफरचंद पुरेसं आंबट असल्यामुळे साखरेवाचून चालतं. उकळता गर गरम बाटलीत, वर अर्धा इंच जागा, हवाबंद होणारं नवं झाकण, मग बाटली पूर्ण बुडेल अशा उकळत्या पाण्यात. समुद्रसपाटीला अर्ध्या लिटरच्या बाटलीला १५ मिनिटं लागतात. पण पुणं ५६० मीटरवर, आपल्याकडे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, म्हणून इथे २० मिनिटं. जॅमची जुनी बरणी यासाठी घेऊ नका, तिचं झाकण परत तसं बसत नाही. मला विचाराल तर १० किलोसाठी फ्रीझर बरा.

दुसरा चहा

सगळ्यांचे आभार, आता निकाल.

आमचं पुरणयंत्र कधीच भंगारात गेलंय. तुळशीबागेत जाणार होतो, पण आई म्हणाली वरच्या काकूंकडे आहे. काकूंनी "होळीला अजून पाच महिने आहेत" असं म्हणत माळ्यावरून काढून दिलं. त्याला दोन जाळ्या होत्या. आधी बारीक लावली तर सालं चिकटून दांडा हलेना, मोठी लावली आणि सरसर उतरायला लागला. दीड किलो गोल्डन, दीड किलो लाल, दीड वाटी पाणी, दीड लिंबू, दालचिनीचा बोटभर तुकडा. शेवटी थोडा आटवला, तेव्हा एक थेंब थेट मनगटावर उडाला. घट्ट गर बुडबुडा फुटताना पिठल्यासारखा तडतडतो, झाकण अर्धवट ठेवा हे कुणी सांगितलं नाहीत!

तीन किलोचा साधारण सव्वादोन किलो गर निघाला. रंग फिक्या गुलाबासारखा. यंत्रात उरलं ते सालांचं पापुद्र्यासारखं वेटोळं, हाताने दाबलं तरी त्यात गर नाही. आईने वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "हे पुरणच की रे. कवळी आली की याची पोळी कर." (पोळी. मलाच.)

दोन ट्रे फ्रीझरमध्ये आहेत. उरलेली पेटी रविवारी.

एक राहिलं. काकूंचं यंत्र रिकामं कसं परत करायचं, म्हणून सोबत एक वाटी गर दिला. काकूंनी तिथेच दारात उभं राहून चमचाभर खाल्ला. म्हणाल्या, "छान झालाय रे. साखर तेवढी विसरलास."