निवृत्तीची पुंजी मोडून मुलीची इंजिनीअरिंगची फी भरावी का?

प्रश्न (माजी हवालदार, सातारा)
जय हिंद. 24 वर्षांच्या नोकरीनंतर मी यंदा 43 व्या वर्षी निवृत्त झालो. कम्युटेशन (पेन्शनच्या एका भागाऐवजी एकरकमी मिळणारी रक्कम), ग्रॅच्युइटी आणि एएफपीपी फंडाची (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीची) रक्कम अजून बचत खात्यावरच आहे. मुलीला पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून चार वर्षांचा खर्च सहा लाखांच्या घरात जाईल. गावातील पतसंस्था 11 टक्के व्याज देऊ करते. तेथे ठेव ठेवून व्याजातून फी भरावी, की फीपुरते पैसे बाजूला काढावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त सुभेदार, कोल्हापूर)
हवालदार साहेब, पुंजीला हात लावण्याआधी मुलीच्या हक्काचे पदरात पाडून घ्या. पंतप्रधान शिष्यवृत्तीत माजी सैनिकांच्या मुलींना दरमहा 3,000 रुपये मिळतात. बारावीला किमान 60 टक्के गुण लागतात, निवड गुणवत्तेनुसार होते आणि अर्ज पहिल्या वर्षीच केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर करावा लागतो. ते वर्ष हुकले की संधी गेली. माझ्या मुलीचे डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवा-नोंदींच्या पुस्तिकेत) घरचे नाव होते आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर शाळेतले, त्यामुळे दुरुस्तीच्या पत्रव्यवहारातच दोन महिने गेले. तुमच्या पुस्तिकेतले मुलीच्या नोंदीचे पान आजच उघडून पाहा.

उत्तर (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)
पतसंस्थेत कृपया एक रुपयाही ठेवू नका. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. आमच्या शेजारचे एक माजी सैनिक प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन कितीतरी महिने एका बंद शटरसमोर जाऊन उभे राहत, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय कम्युटेशनची रक्कम हा बक्षिसाचा पैसा नसून पुढील 15 वर्षांच्या स्वतःच्या पेन्शनचा आगाऊ उचललेला हिस्सा आहे, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगा.

फीसाठी मुलीच्या नावे शैक्षणिक कर्ज काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास, महाविद्यालय मानांकित असेल तर, शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकारच्या योजनेतून भरले जाते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सैन्यातून निवृत्त झालेल्यांना 50 व्या वर्षापासून खुली होते आणि तिची मर्यादा 30 लाख आहे. तोपर्यंतची सात वर्षे पोस्टातील आणि दोन-तीन बँकांतील मुदत ठेवींत पैसे विभागून ठेवा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. डिस्चार्ज बुक पाहिले. नाव बरोबर आहे, परंतु जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. धाकटा मुलगा आठवीत आहे, त्याच्यासाठी काही सोय आहे का?

उत्तर (निवृत्त सुभेदार, कोल्हापूर)
आहे. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत संरक्षण मंत्र्यांच्या निधीतून शिक्षण अनुदान मिळते. सोमवारी मूळ डिस्चार्ज बुक, मुलीचा जन्मदाखला आणि मुलाची गुणपत्रिका घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, म्हणजे दोन्ही कामे एकाच फेरीत मार्गी लागतील.