अकोला, वरचा मजला, पश्चिमेचं ऊन: दहा-बारा हजार कुठे घालावे?

गच्चीखालची (अकोला)
नमस्कार मंडळी. आमचा टू बीएचके तीन मजली इमारतीत सगळ्यात वर आहे. हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. मार्च अर्धा सरला की स्लॅब तापायला लागतो, रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी ऊन लागते. बेडरूमला दीड टनाचा एसी, हॉलमध्ये कूलर. मागच्या मे महिन्यात ४६० युनिट पडले, हिवाळ्यात १३०च्या आसपास असतात.
सासूबाई ७४ वर्षांच्या. एसीत झोपल्या की त्यांचे गुडघे आखडतात, आणि कूलरने अंग चिकचिकतं म्हणतात. मिस्टर म्हणतात हॉललाही एसी लावू. शेजारी म्हणतात, ३००च्या वर गेलं की अख्खं बिल वरच्या दराने येतं. खरं का? एकदाच दहा-बारा हजार घालता येतील. कशात घालावे?

तारमिस्त्री (अमरावती)
वहिनी, वायरिंगच्या कामात माझी हयात गेली, वरच्या मजल्यांवरची घरं पुष्कळ पाहिली. सविस्तर लिहितो.

आधी बिलाचं. शेजारी म्हणतात तसं नाही. महावितरणचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे आहेत. ४६० पडले तर पहिले १०० स्वस्त दरानेच, पुढचे २०० दुसऱ्या दराने, आणि फक्त वरचे १६० तिसऱ्या. यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की तुम्ही वाचवलेलं युनिट आधी या १६० मधून कमी होतं, म्हणजे सगळ्यात महागाचं.

दुसरा एसी नको. तुमचा त्रास हवेचा कमी आणि स्लॅबचा जास्त आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्रभर खाली सोडतो. त्याला तसाच ठेवून कितीही यंत्रं लावा, ती रात्रभर त्याच्याशीच झुंजत राहतील. म्हणून पहिला पैसा गच्चीवर, आणि तो सगळ्यात कमीही लागतो.

गच्चीला पांढरा चुना मारा. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात टाकायचा, लोखंडी ड्रममध्येच, कारण तो खदखदून उकळतो आणि प्लास्टिकची बादली वितळू शकते. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. निवला की फडक्यातून गाळून त्यात थोडा फेविकॉल घालायचा, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. गच्ची खराट्याने घासून धुतलेली हवी, धुळीवर चुना धरत नाही. दोन हात मारा. मारणाऱ्याच्या डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा मारावा लागतो. पाण्याची टाकी काळी असेल तर तिलाही पांढरा रंग द्या.

पश्चिमेच्या खिडक्यांना हिरवी जाळी किंवा बांबूची चटई बाहेरून लावा. आतला जाड पडदा उपयोगाचा असतो, पण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

उरलेल्या पैशात पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा पूर्ण वेगावर ३० च्या जवळपास. रोज १५ तास चालणारा एकच पंखा महिन्याला २० युनिट वाचवतो, तुमच्याकडे असे तीन तरी असतील. त्याला रिमोट असतो, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करून घ्या.

एसी २६-२७ वर ठेवून पंखा मंद लावा. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात ते उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही ते मानवेल.

वाळ्याची_ताटी (नागपूर)
ताई, चिकचिक होऊन राहिली म्हणजे हवा बाहेर जाऊन नाही राहिली. कूलर खिडकीच्या बाहेर, तोंड तेवढं आत, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. दारं बंद करून कूलर लावला की तीच ओली हवा घरात फिरत राहते. आपली मे महिन्यातली हवा कोरडीठक्क, कूलरसाठी याहून चांगलं हवामान नाही. ताट्या दरवर्षी नव्या घाला, क्षार बसले की त्यातून हवाच येत नाही. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. एसी चालू असलेल्या खोलीत कूलर कधीच नको, एसीला ते सगळं पाणी पुन्हा हवेतून काढत बसावं लागते.

डोंबिवलीकर
फक्त एक सांगतो, हा कूलरचा सल्ला आमच्यासारख्या दमट हवेतल्या लोकांनी उचलू नये. इकडे घाम वाळतच नाही, कूलरने उलट वाढतो. गच्ची आणि पंख्यांचं मात्र आमच्याकडेही तंतोतंत लागू.

गच्चीखालची (अकोला)
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. गच्ची सोसायटीची आहे आणि काही भागावर पांढऱ्या चायना चिप्स आहेत, तिथेही चुना मारायचा का? आणि कूलर रात्रभर चालवला तर पहाटे सासूबाई कुडकुडतात. त्यांच्यासाठी काय करू?

तारमिस्त्री (अमरावती)
चिप्सवर चुना नको. त्या आधीच पांढऱ्या आहेत, वर्षानुवर्षांची काळी माती बसली असेल ती ब्रशने घासून काढा. चुना फक्त उघड्या सिमेंटवर. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि खर्च तुम्ही करता म्हणून सांगा, सहसा कोणी अडवत नाही. पुढे गच्चीवर सोलर बसवायचं चाललं असेल तर त्यांना हेही सांगा की पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं बिल त्यातून उतरतं.

सासूबाईंचा पलंग कूलरच्या थेट झोतातून बाजूला घ्या. पहाटे तीन-चारच्या सुमारास कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, त्यासाठी पंपाला वेगळा टायमर मिळतो, कोणताही इलेक्ट्रिशियन जोडून देईल. चुन्याचं काम मात्र सकाळी सातच्या आत सुरू करून दहाला थांबवा, दुसरा हात संध्याकाळी ऊन उतरल्यावर. तापल्या स्लॅबवर मारला तर तो लगेच सुकून पापुद्रे धरतो.