शंभर वॉटचे स्पीकर, सत्तर वॉटचा रिसीव्हर: बदलायचा की नाही?

मुठाकाठ
कोथरूडात चौथा मजला, दहा बाय पंधराचा हॉल, टीव्हीपासून सोफा साधारण तीन मीटरवर. रिसीव्हर (होम थिएटरच्या स्पीकरना ताकद देणारा डबा) जुना आहे पण ठणठणीत: ८ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ७० वॉट, दोन चॅनल, म्हणजे दोनच स्पीकर, चालू असताना. स्पीकर मात्र बदलायचेत. बजेट ४० हजार. तपकीर गल्लीत दुकानदार म्हणाला, "स्पीकर शंभर वॉटचे आहेत साहेब, सत्तरचा रिसीव्हर पुरणार नाही. दोन्ही घेऊन टाका."

मला हे पटत नाही. स्पीकरवर लिहिलेले शंभर वॉट म्हणजे तो किती सोसेल त्याचा आकडा, त्याला किती लागतात त्याचा नव्हे. बघायची ती सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबलच्या स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटरवर ८६ मिळतात, तीन मीटरवर त्यातले साडेनऊ जातात. म्हणजे एका वॉटमध्ये सोफ्यावर साडेशहात्तर! रात्री जेवताना सिनेमा बघायला याहून जास्त कोणाला लागतं? माझं म्हणणं, सगळे पैसे स्पीकर आणि सबवूफरवर (खर्जाचा वेगळा स्पीकर) घाला, रिसीव्हरला हात लावू नका.

पेठेतला_वायरमन
हिशोब अर्धाच मांडलात. सिनेमात संवाद सुरू असतो आणि मध्येच स्फोट होतो, तो सरासरीच्या वीस डेसिबल वर जातो. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट, वीसला शंभरपट. तुमचा एक वॉट तिथे शंभर झाला की! सत्तरचा रिसीव्हर क्लिप होणार, म्हणजे ताकद संपून आवाज फाटणार, आणि क्लिप झालेल्या आवाजाने ट्विटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) जळतात. शिवाय ते सत्तर दोन चॅनलचे. पाचही एकदम ओढले की प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात ते ब्रोशरमध्ये शोधून दाखवा.

धायरी_फाटा
अहो पण सत्तर आणि शंभर वॉटमध्ये फरक किती? दीड डेसिबल. कानाला जेमतेम कळेल न कळेल एवढा. तेवढ्यासाठी नवा रिसीव्हर?

आणि साडेनऊ डेसिबलची घट मोकळ्या मैदानातली. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत पाठवतात, तिथे घट कमी असते. शिवाय सबवूफर घेताहेत ना? क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वेगळा काढायची सीमा, ८० हर्ट्झला लावला की सगळ्यात जास्त वॉट खाणारा खर्ज सबच्या स्वतःच्या अँप्लिफायरकडे जातो, रिसीव्हर निवांत. राहता राहिला आवाज. सोसायटीत साडेशहात्तर अधिक वीस, म्हणजे साडेशहाण्णव डेसिबलचा स्फोट वाजवून बघा, रिसीव्हर क्लिप व्हायच्या आत वरच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतील.

चार_ओहम
वॉटवरून भांडताय सगळे, ओहमबद्दल कोणीच बोलेना. मुठाकाठ, रिसीव्हरच्या पाठीमागे स्पीकरच्या टर्मिनलपाशी बारीक अक्षरात किमान ओहम छापलेले असतात. बहुतेक ६ असतील. दुकानदार ४ ओहमचा स्पीकर दाखवून "सेन्सिटिव्हिटी ८७ आहे" म्हणाला तर भुलू नका. ते मोजमाप २.८३ व्होल्टला करतात. ८ ओहमला तो एक वॉट होतो, ४ ओहमला दोन. म्हणजे खरी ८४च. वर करंट दुप्पट. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, एप्रिलच्या उकाड्यात, ऐन क्लायमॅक्सला रिसीव्हर स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो.

मेनूमधलं "४ ओहम" सेटिंग हा यावरचा उपाय समजू नका. त्याने आतला व्होल्टेज खाली येतो, उष्णता कमी होते, पण जोरही जातो.

मुठाकाठ
स्टिकर बघितला, ६च आहे. त्यामुळे ८ ओहमचेच घेणार. पुढचे दोन आणि सेंटर एकाच सीरिजचे, म्हणजे गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर मध्येच आवाजाचा पोत बदलायला नको. मागचे जुने सॅटेलाइट (छोटे स्पीकर) तूर्त चालतील.

बाणेर_बायपास
मी रिसीव्हर बदला म्हणणाऱ्यातला, पण कारण वेगळं. वॉट राहू द्या, जुन्यात ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरला देणाऱ्या आर्कची नवी आवृत्ती) नाही आणि खोलीनुसार आवाज जुळवणं नाही. डेनॉनमधलं ऑडिसी किंवा यामाहामधलं वायपाओ माइक लावून अंतर आणि लेव्हल मोजून घेतं. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये स्पीकर कोपऱ्यात कोंबले की खर्ज नुसता घुमतो. तिथे महाग स्पीकर काय करणार?

धायरी_फाटा
ईआर्क हवा तो ब्ल्यू-रेवरचा ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपात येतो, तो साध्या आर्कवरूनही जातो. आणि रिसीव्हरच ५.१चा (पाच स्पीकर आणि एक सब, वरचे नाहीतच) असेल तर ॲटमॉसचं करायचं काय! अंतर टेपने मोजता येतं. घुमण्याचं म्हणाल तर स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, फुकट आहे.

पेठेतला_वायरमन
मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. निदान प्रीआउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल द्यायची जागा) आहे का बघा. असेल तर पुढेमागे वेगळा पॉवर अँप जोडता येईल, नसेल तर याच सत्तरात कायमचे अडकाल.

मुठाकाठ
प्रीआउट फक्त सबचा आहे. तरी सध्या स्पीकर आणि सबच घेतोय. दोन मॉडेल नक्की केलीत, दोन्हींच्या ब्रोशरवर ८ ओहम आहे.

चार_ओहम
ब्रोशरवरचे ८ ओहम नाममात्र. आठचे म्हणून विकलेले कितीतरी स्पीकर ठरावीक फ्रिक्वेन्सीला चारच्या आसपास उतरतात. कोणी इम्पीडन्सचा (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ओहम) आलेख मोजलाय का शोधा, दोन्ही मॉडेलचे इथे टाका. मग बोलू.